झाकलेलं चित्र उघड्या देहापेक्षा जास्त मादक का वाटतं?

तुम्ही विचारलंय की पूर्ण कपड्यांतलं एखादं चित्र नग्न चित्रापेक्षा जास्त उत्तेजक का वाटतं, आणि तसं वाटण्यात आपलं काही चुकतंय का. चुकत काहीच नाही. मी बरीच वर्षं चित्रं काढते, आणि हाच प्रश्न मला न्यूड स्टडीच्या वर्गात पडला होता.

पहिल्या दिवशी कानशिलं तापली होती. पण दहा मिनिटांत समोरच्या देहाची नुसती मापं झाली. खांदा कुठे उतरतो, भार कुठल्या पायावर आहे, सावली किती गडद. मग मध्यंतर झालं. मॉडेलने अंगावर गाऊन ओढला, कॉलरमध्ये अडकलेले केस एका हाताने बाहेर काढले, आणि मी पटकन नजर वळवली. तासभर बिनधास्त बघत होते आणि आता मला लाज वाटली! केस सोडवण्याची ती लकब तिची स्वतःची होती, आमच्यासाठी केलेली नव्हती.

पॅरिसच्या सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात 1863 मध्ये चित्रकार आलेक्सांद्र काबानेलने रंगवलेली व्हीनस, म्हणजे रोमन प्रेमदेवता, लागली. लाटांवर पहुडलेली, संपूर्ण नग्न. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने ती विकत घेतली. 1884 मध्ये त्याच सलोंमध्ये जॉन सिंगर सार्जंटने व्हर्जिनी गोत्रो या बाईचं व्यक्तिचित्र लावलं. काळा गाऊन, मान एका बाजूला वळवलेली, आणि उजव्या खांद्यावरून घसरलेला एक पट्टा. बस्स, एवढ्यावर गहजब झाला. शीर्षकात नाव लपवलं होतं, तरी लोकांनी तिला ओळखलं. सार्जंटने पुढे तो पट्टा पुन्हा रंगवून खांद्यावर चढवला, आणि 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला विकेपर्यंत चित्र स्वतःकडेच ठेवलं. आज ते ‘मादाम एक्स’ म्हणून ओळखलं जातं.

व्हीनस देवी आहे, तिच्या बाबतीत पुढे काही घडायचं नाही. घसरलेल्या पट्ट्याला मात्र आधीचा एक क्षण असतो आणि नंतरचाही. तो कशाने घसरला? ती वर घेईल की तसाच राहू देईल? हे बघणाऱ्याचं मन ठरवतं. आपल्या काव्यशास्त्रात यालाच व्यंजना म्हणतात, न बोललेलं ऐकू येणं.

कपड्यांत हे सगळ्यात छान कळलं होतं मादलेन व्हिओने या फ्रेंच फॅशन डिझायनरला. 1920 च्या दशकात तिने कापड उभ्या-आडव्या धाग्याला 45 अंशांत तिरकं कापून पोशाख बेतले. तिरक्या कापडाला ताण मिळतो, त्यामुळे ते अंगाला धरतं आणि चालताना सुटतं, तेही कॉर्सेटशिवाय, म्हणजे कंबर आवळणाऱ्या घट्ट अंतर्वस्त्राशिवाय. हँगरवर ते कापड मलूल लोंबतं. बाई चालायला लागली की त्यात जीव येतो. ती आधी छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघायची, हे मला फार आवडतं.

एका बाबतीत माझं बऱ्याच जणांशी पटत नाही. इटालियन शिल्पकार बर्निनीच्या 1621–22 च्या संगमरवरी शिल्पात प्लूटो या रोमन पाताळदेवाची बोटं प्रॉसर्पिना या देवीच्या मांडीत रुतलेली दिसतात. दगडाची कातडी झाली आहे, कौशल्य थक्क करणारं आहे. त्याला शृंगारिक म्हणतात, मला ते म्हणवत नाही. तिच्या गालावर अश्रू आहे. तो तिला पळवून नेतोय. जिथे एकाचीच इच्छा आहे तिथे मला शृंगार दिसत नाही.

रोजच्या जगण्यात तर याला फार काही लागतही नाही. बाहेर निघताना मी नवऱ्याकडे पाठ करून केस वर धरते आणि तो गळ्यातल्या साखळीचा हूक लावतो. हूक बारीक आहे, चष्म्याशिवाय त्याला दिसत नाही, म्हणून तो बोटांनी चाचपडतो. मानेवर त्याचा श्वास लागत असतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मला तो हूक एकटीला लावता येतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.