प्रश्न तुमचे, उत्तर आमचं: सोल रीव्हर आज परत खेळावा का?

प्रश्न : नमस्कार. शाळेत असताना सदाशिव पेठेत मामेभावाकडे पीसीवर 'लेगसी ऑफ केन: सोल रीव्हर' हा व्हॅम्पायरांचा गेम खेळायचो, तेव्हा जाम भारी वाटायचा. आता त्याचा रीमास्टर, म्हणजे नव्याने सजवलेली आवृत्ती, घेतलाय. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत साडेनऊ होतात, पोरं झोपली की तासभर बसतो, आणि खरं सांगू का, बोअर होतंय. रस्ता सापडत नाही, सारखे ते दगडी ठोकळे ढकलायचे, मारामारी तर एकच बटण दाबत बसायचं. गेम खरंच चांगला होता की आपण लहान होतो म्हणून वाटायचा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ठोकळ्यांबद्दल तुमच्याशी वाद नाही. ढकला, ओढा, उलटा करा, भिंतीवरच्या नक्षीशी जुळवा, परत ढकला. १९९९ मध्येही ते कंटाळवाणंच होतं, फक्त तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी होती. ते येणार हे धरूनच बसायचं, बास.

पण मारामारीचं म्हणाल तर तिथे मी गेमच्या बाजूने आहे, कारण बटण दाबणं ही तिथली मारामारीच नाहीये. आपला नायक, आत्मे गिळणारा राझिएल, व्हॅम्पायरला कितीही बडवू दे, तो मरत नाही, फक्त चक्कर येऊन लटपटतो. मारायचा तर भाला आरपार घाला, नाहीतर उचलून आगीत, पाण्यात किंवा उन्हात फेका. म्हणजे खोलीत शिरलात की आधी शत्रूकडे नाही, खोलीकडे बघायचं, भिंतीला टोकदार खिळे कुठेत, मशाल कुठेय, छताच्या फटीतून ऊन कुठे पडलंय, आणि मग त्याला ढकलत ढकलत तिकडे न्यायचं. आणि एक गंमत बघा, भाला खुपसून एक आडवा केला आणि दुसरा अंगावर आला म्हणून घाईघाईत तोच भाला उपसलात, तर पहिला परत उठतो! आधी त्याचा आत्मा गिळायचा, मग भाला काढायचा. हे एवढंसं पण आजच्या कितीतरी चकाचक गेममध्ये इतकं डोकं लावावं लागत नाही.

बॉसचंही, म्हणजे टप्प्याटप्प्याला भेटणाऱ्या मोठ्या शत्रूंचंही, तेच आहे. हे सगळे राझिएलचेच भाऊ. मेल्कायाला त्याच्याच घरातल्या दाबयंत्राखाली चिरडायचा, राहाबच्या दालनातल्या खिडक्या फोडून ऊन आत घ्यायचं, डुमाला तर चक्क आपल्या मागे पळवत भट्टीपर्यंत आणायचं. रट्टे देऊन कुणीच मरत नाही. माझ्या मते मधे तलवार मिळाल्यावर ही मजा जरा पातळ होते, कारण तिने व्हॅम्पायर थेट मरतात. नशीब की ताकद पूर्ण भरलेली असेल तोवरच ती जिवंत जगात हातात राहते (आत्म्यांचं दुसरं जगही आहे, ते पुढे सांगतो), एक फटका बसला की गायब. मग परत आहेच भाला शोधा.

आता रस्ता न सापडण्याचं. यात गेमचा दोष आहेच, मूळ गेममध्ये नकाशाच नव्हता. रीमास्टरमध्ये नकाशा आणि होकायंत्र दोन्ही दिलंय, ते बिनधास्त वापरा, त्यात कमीपणा काही नाही. पण अर्धा दोष तुमच्या त्या तासाभराचाही आहे बरं का. सेव्ह करून बंद केलात की पुढच्या वेळी गेम तुम्हाला परत त्या एल्डर गॉडच्या, म्हणजे राझिएलला वाट दाखवणाऱ्या प्राचीन देवतेच्या, गुहेतच सोडतो, तिथून वार्प गेटने, म्हणजे झटक्यात लांब नेणाऱ्या दाराने, जायचं आणि पुढे चालत. रात्री साडेदहाला डोळे मिटत असताना यातच पंधरा मिनिटं गेली की वैताग येणारच. आठवडाभर हात लावू नका, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सलग दोन-तीन तास बसा आणि उठण्याआधी जवळचं वार्प गेट चालू करून ठेवा.

आणि अडलात की लगेच यूट्यूबवर व्हिडिओ लावायच्या आधी एकदा आत्म्यांच्या जगात जाऊन बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. भिंती वाकतात, दूरचा कठडा जवळ येतो, खांब पिळवटतात, पाण्याला वजन राहत नाही त्यामुळे तळावरून सरळ चालत जाता येतं. पण तिथे वेळ थांबलेला असतो, दार उघडत नाही, ठोकळा हलत नाही. जायला कधीही जाता येतं, परत यायला मात्र ताकद पूर्ण हवी आणि ठरलेलं दारच हवं, म्हणून उगाच उडी मारली की अडकायला होतं. हे सगळं मूळ प्लेस्टेशनवर, ज्याची मेन मेमरी २ एमबी होती, तुमच्या डोळ्यांदेखत लोडिंगच्या पाटीशिवाय व्हायचं. आज मोबाइलवरचा एक फोटो त्यात मावणार नाही. हे सगळं शाळेत असताना कोण बघतंय? तेव्हा आपण फक्त पुढे पळत होतो, त्यामुळे खरं तर हा गेम आत्ताच जास्त कळेल असं मला वाटतं.

संवाद मात्र स्किप करू नका, हात जोडून सांगतो. एमी हेनिग, जिने पुढे 'अनचार्टेड' केला, ती या गेमची दिग्दर्शक. केनला, म्हणजे राझिएलच्या जुन्या धन्याला आणि आताच्या शत्रूला, सायमन टेम्पलमन, राझिएलला मायकल बेल आणि एल्डर गॉडला टोनी जे यांचा आवाज आहे, आणि बोलणं सगळं संगीत नाटकातल्या स्वगतासारखं पल्लेदार. शाळेत आपल्याला त्यातलं इंग्रजी चार आणे कळायचं. आता सबटायटल लावा आणि हेडफोन घालून ऐका. रीमास्टरमध्ये एका बटणावर जुनं-नवं ग्राफिक्स बदलता येतं, तेही अधूनमधून करून बघा. मला स्वतःला जुना अंधारच आवडतो, नवीन चेहरे सुबक आहेत पण भीती जरा कमी झालीये.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. बाबांचं बघून त्याला पण हा गेम खेळायचाय. व्हॅम्पायर वगैरे आहे, देऊ का?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर : ताई, आत्ता नको. रक्ताचे पाट वाहतात असं काही नाही, पण भाले आरपार जातात, आणि तो मेल्काया दुसऱ्यांची कातडी अंगावर चढवून जगतो, ते मोठ्यांनाही जेवताना बघवत नाही. शिवाय कोडी अशी आहेत की पाचवीतला मुलगा दहा मिनिटांत रिमोट बाबांच्या हातात देईल. आठवी-नववीत शेजारी बसून खेळू द्या.

प्रश्न : आधीचा 'ब्लड ओमेन' न खेळता थेट सोल रीव्हर चालेल का? आणि तो अर्धवट संपतो असं मित्र म्हणतो, खरंय का?
– कॉलेजचा एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : चालेल. १९९६ चा ब्लड ओमेन वरून दिसणारा, वेगळ्या धाटणीचा गेम आहे, आज तो खेळायला चिकाटी लागते. त्यातलं एवढंच माहीत असू दे की नॉसगॉथ नावाचं जग नऊ स्तंभांवर तोललेलं, ते वाचवायला त्या गेमच्या नायकाने, केनने, स्वतःचा जीव द्यायचा होता, त्याने नकार दिला आणि स्तंभ कोसळले. सोल रीव्हर त्याच्यानंतर कितीतरी शतकांनी सुरू होतो. राझिएल हा केनचा सेनापती, त्याला केनच्या आधी पंख फुटतात, केन ते उपटून त्याला मृतांच्या सरोवरात फेकायला लावतो.

मित्राचं बरोबर आहे. शेवट ऐन रंगात आला असताना 'क्रमशः' म्हणून संपतो. वेळ पुरेना म्हणून बरंच काही कापलं गेलं, एक भाऊ ट्यूरेल तर गेममध्ये सापडतच नाही, तो थेट याच मालिकेतल्या २००३ च्या 'डिफायन्स'मध्ये भेटतो. कापलेल्या भागांचे काही अवशेष रीमास्टरमध्ये वेगळ्या विभागात फिरून बघता येतात. डिसेंबर २०२४ च्या त्या रीमास्टरमध्ये पहिला आणि २००१ चा दुसरा भाग एकत्रच मिळतात, त्यामुळे तुला पूर्वीच्या पोरांसारखं दोन वर्षं थांबायला नको, पहिला संपला की लगेच दुसरा लाव. फक्त दुसऱ्यात बॉसच्या मारामाऱ्या फारशा नाहीत, गोष्टच जास्त आहे, तेव्हा तक्रार घेऊन परत इकडे येऊ नकोस.