परदेशी मालकाची कंपनी संकटात टिकते का? वाचकांचे प्रश्न

मुलगा मालाडला एका अमेरिकन कंपनीच्या बॅक ऑफिसला आहे. तिकडे मंदी आली की आधी इकडचं ऑफिस बंद करतील ना? देशी कंपनी बघ म्हणून मागे लागू का? (एक आई, गोरेगाव)

ताई, लगेच मागे नका लागू. 2008 च्या मंदीत जगभरच्या कंपन्यांचं काय झालं यावर लॉरा अल्फारो आणि मॅगी चेन या अर्थतज्ज्ञांचा 2012 चा अभ्यास आहे, त्यात परदेशी मालकीच्या युनिट्सनी सरासरीने लोकल कंपन्यांपेक्षा जास्त तग धरलेला दिसतो, कारण लोकल बँका हात आखडता घेतात तेव्हा यांना मूळ कंपनीकडून पैसा मिळतो आणि बऱ्याचदा गिऱ्हाईकही घरचंच, म्हणजे मूळ कंपनीच असते. पण मूळ कंपनीच बुडाली तर? अमेरिकेच्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचं पवईचं ऑफिस आठवत असेल. 15 सप्टेंबर 2008 ला न्यूयॉर्कला दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि इकडे पवईतली पोरं, ज्यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, ती टांगणीला लागली. काही आठवड्यांत जपानच्या नोमुराने लेहमनचा तो इथला कारभार विकत घेतला, कारण शिकलेली टीम आयती मिळत होती. म्हणून मुलाला एवढंच विचारा की मूळ कंपनीची तब्येत कशी आहे आणि त्याचं काम त्यांच्या रोजच्या धंद्याचं आहे की एखाद्या प्रोजेक्टपुरतं. मालक कुठल्या देशाचा हे त्यानंतर.

वसईला छोटं मशीन शॉप आहे, जवळपास सगळ्या ऑर्डरी एकाच परदेशी कंपनीच्या. त्यांनी गाशा गुंडाळला तर? (एक उद्योजक)

दादा, मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्यासारख्यांची वाटते. तळेगावचं जनरल मोटर्स बघा. 2017 ला त्यांनी भारतात गाड्या विकणं थांबवलं, प्लांट एक्स्पोर्टसाठी चालू ठेवला आणि डिसेंबर 2020 मध्ये प्रॉडक्शनच बंद. ह्युंदाईने प्लांट घ्यायचा करार केला तो ऑगस्ट 2023 मध्ये. म्हणजे कारखान्याला नवा मालक मिळाला, पण मधली अडीच-पावणेतीन वर्षं छोट्या सप्लायरने काढायची कशी? मोठी कंपनी थांबू शकते, तुमचा बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे आत्ता धंदा बरा चाललाय तेव्हाच दुसरं गिऱ्हाईक शोधा, मार्जिन कमी मिळालं तरी चालेल, आणि शक्यतो दुसऱ्या सेक्टरमधलं, नाहीतर दोघं एकदमच झोपतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर या आठवड्यात करून टाका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असा 2006 चा कायदा आहे, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तो परदेशी मालकाच्या इथल्या कंपनीलाही लागू आहे. शिवाय ट्रेड्स (TReDS) या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर बिलं टाकून आधी पैसे उचलता येतात, 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी आता सक्तीची आहे. थकलेली उधारी जितकी कमी तितकं ती कंपनी निघून गेल्यावर तुमचं नुकसान कमी.

परदेशी बँकेत एफडी ठेवली तर पैसे बाहेर नेतील का? (निवृत्त, दादर)

काका, परदेशी बँकेच्या इथल्या शाखांनाही पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा लागू असतो, अगदी आपल्या बँकांसारखाच. आणि उलटं उदाहरणही आहे. नोव्हेंबर 2020 ला लक्ष्मी विलास बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना 25 हजारांच्या वर काढता येत नव्हते, तेव्हा ती बँक सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली, वर डीबीएसने 2500 कोटी ओतले. डीबीएसने 2019 लाच इथे वेगळी उपकंपनी केली होती, म्हणजे तिचं भांडवल इथलं, हिशोब इथले. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, परदेशी बँक निवडताना ती नुसती शाखा आहे की इथे नोंदलेली उपकंपनी ते नक्की बघा.

परदेशी लोक पैसे काढतात म्हणून शेअर बाजार पडतो, मग यांच्यावर विसंबायचं कशाला? (ठाणे)

हे दोन वेगळे पैसे आहेत. शेअर्समधला पैसा एका क्लिकवर जातो, मार्च 2020 मध्ये सुमारे 62 हजार कोटी गेला. कारखाने, ऑफिसं यातला पैसा असा उठून जात नाही, त्याच कोविडच्या 2020-21 या वर्षात सुमारे 82 अब्ज डॉलर थेट गुंतवणूक आली. तुमची एसआयपी चालू राहू द्या.