बाबांचा हात, बेदाण्याचं ताट आणि इंजिनिअरिंगची शाखा

प्रश्न : मी तासगावजवळच्या गावात राहते, बारावी सायन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची बोटं अजून कडक आहेत. व्यायामाचा चेंडू ते दोन मिनिटांत बाजूला ठेवतात, पण बेदाणे निवडायला बसले की त्याच हाताने अर्धा तास काड्या काढतात. मला अशा पेशंटसाठी यंत्रं बनवायची आहेत. काका म्हणतात, कॉम्प्युटरच घे. मी बायोमेडिकल घेऊ का?

उत्तर : तुझी बेदाण्यांची ओळ मी तीनदा वाचली. झटक्यात मेंदूचा जो भाग जातो, तो परत येत नाही. उरलेला मेंदू त्याचं काम थोडंफार शिकून घेतो, पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. नुसता चेंडू दाबून समोर काही दिसत नाही, माणूस कंटाळतो. ताटात काड्यांचा ढीग वाढताना दिसतो. हे तुझ्या नजरेला पडलं, आणि या कामाची सुरुवात तिथूनच होते.

एका रुग्णालयात मी हाताच्या व्यायामाचं महागडं यंत्र चादरीखाली झाकलेलं पाहिलंय. ते बिघडलेलं नव्हतं. आखडलेली बोटं एकेक करून पट्ट्यांत बसवण्यातच वीस मिनिटं जायची आणि बाहेर पेशंटची रांग. फार वाईट वाटलं होतं मला. याउलट वेल्लोरचं सीएमसी रुग्णालय आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेलं हाताच्या व्यायामाचं यंत्र ‘प्लूटो’ बघ. मोटर एकच. मनगटासाठी, मुठीसाठी वेगवेगळे जोड त्यावर बदलून लावायचे. टेबलावर मावतं.

आता शाखा. पदवीलाच बायोमेडिकल हवं असा हट्ट धरू नकोस. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स पक्कं कर, सांगलीत वालचंद कॉलेजला दोन्ही आहेत. पुढे एमटेकच्या प्रवेशासाठी गेट परीक्षा असते, तिच्यात २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मद्रास, सीएमसी आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं, म्हणजे रुग्णालयातल्या यंत्रांचं, एमटेक चालवतात, ते तर तुझ्यासारखीसाठीच आहे असं मला वाटतं. या क्षेत्रात आयटीइतक्या नोकऱ्या नाहीत, हे काकांचं खरं आहे. म्हणून कोडिंग सोडू नकोस. हाताच्या सेन्सरमधून येणारे आकडे वाचायला ते लागतंच.

पुढच्या वेळी फिजिओथेरपीला बाबांबरोबर तू जा, वही घेऊन. कोणतं बोट आधी थकतं, कशाला ते ‘नको’ म्हणतात, पट्टा आईला एकटीला बांधता येतो का, सगळं लिही. आणि बेदाण्यांचं तिथल्या मॅडमना किंवा सरांना नक्की सांग. बाबांचा व्यायाम त्या ताटावरच बसवता येतो का, हे त्यांनाच विचार.