हेर पेरले, फौज कुठे आहे?

प्रश्न : ‘मेडिव्हल २ : टोटल वॉर’ या कॉम्प्युटर गेममध्ये मी व्हेनिस घेऊन खेळतो. मिलानच्या शहरात पाच-सहा हेर घुसवले की तिथली सुव्यवस्था ढासळते, पण माझी फौज पोहोचेपर्यंत शहर बंडखोरांकडे गेलेलं असतं. हेरांवरचा पैसा वाया जातोय का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पैसा नाही, तुमची वेळ चुकतेय. आत शिरलेला हेर लोकांना चिथावतो, शिवाय तुम्ही वेढा घातलात की दरवाजा उघडायची संधीही मिळवून देतो. हेर जितके जास्त, तितकी त्या संधीची टक्केवारी चढते. दरवाजा उघडला तर शिड्या बनवत टर्न (खेळातली पाळी) घालवायला नकोत, त्याच टर्नमध्ये हल्ला करता येतो. म्हणून शिबंदी मोजायला एक हेर आत ठेवा आणि बाकीचे फौज एका टर्नच्या अंतरावर आल्यावरच घाला. सगळे आधीपासून बसवलेत तर बंड होणारच, आणि बंडखोरांना ताजी फौजही मिळते.

मात्र मिलानशी उघड युद्ध नकोच असेल, तर हेच बंड मुद्दाम घडवा. बंडखोरांचं शहर घेतलं तर युद्ध पुकारावं लागत नाही, पोपही रागावत नाही. त्यासाठी फौज आपल्याच हद्दीत तयार ठेवा.

तुमच्याच गावचा दाखला आहे. ऑगस्ट १७८० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडून रातोरात घेतला, तो कड्याची वाट जाणणाऱ्यांमुळे. पण शिड्या आणि शिपाई त्याच रात्री कड्याखाली हजर होते.

दरवाजा उघडला म्हणून घोडदळ आधी सोडू नका. वेशीच्या तोंडाशी भालाईत असतील तर घोडे तिथेच अडकून मरतात. आधी पायदळाने जागा मोकळी करायची. शहर हाती आल्यावर हेर लगेच हलवू नका, आता तेच शत्रूचे हेर पकडतील. बंदोबस्ताला मिलिशिया (शहरी शिपाई) ठेवा (शहरात ठरावीक तुकड्यांचा पगार माफ असतो) आणि महागडे सरदार पुढच्या मोहिमेला न्या. इजिप्तकडे वळणार असाल तर धर्मगुरू काही टर्न आधीच पाठवा. नाहीतर धर्माच्या फरकामुळे जिंकलेलं शहर पुन्हा पेटतं.

प्रश्न : याच गेममध्ये माझे मारेकरी पहिल्याच कामगिरीत मारले जातात.
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : नवख्याला राजावर सोडलंत तर दुसरं काय होणार? आधी बंडखोरांचे कप्तान आणि परके व्यापारी टिपायला लावा, कौशल्य त्यातूनच वाढतं. कामगिरीआधी दिसणारी टक्केवारी निम्म्याहून कमी असेल तर थांबा.