रॅडझीविल, रादविला की राजिविल?

प्रश्न असा आहे : पोलंड-लिथुआनियाच्या इतिहासातल्या एकाच बड्या सरदार घराण्याचं नाव कुठे ‘रॅडझीविल’ दिसतं, कुठे ‘रादविला’, आणि त्याच घराण्यातली राणी बार्बरा मात्र ‘रॅडझीविलोव्ना’. मराठीत काय लिहावं?

माझं मत ‘राजिविल’ला. पोलिशमध्ये डी, झेड, आय एकापुढे एक आले की मिळून एकच मऊ उच्चार होतो, आपल्या ‘जीव’, ‘जिरं’मधल्या ‘ज’च्या अगदी जवळचा. ‘जाड’चा ज निराळा आणि ‘जीव’चा निराळा, हे मराठी कानाला उपजत कळतं. असा नेमका ज घरात असताना आपण रोमन अक्षरं बघून ‘डझ’ लिहितो, याचं मला खरंच वाईट वाटतं. शेवटचा रेघ मारलेला एल आज ‘ऊ’कडे झुकतो, म्हणून आजचा पोलिश माणूस ‘राजीविऊ’ म्हणेल. पण सोळाव्या शतकात तो जाड ‘ल’च होता. तेव्हा इतिहास लिहिताना ‘ल’ ठेवावा.

‘रादविला’ही चूक नाही, उलट मूळ तेच. घराणं लिथुआनियातलं. ओश्चिक नावाच्या सरदाराच्या मुलाचं नाव रादविला (मृत्यू १४७७). बापाचं नाव पुढे वंशजांचं आडनाव झालं. पोलिशमध्ये ‘राजी’ म्हणजे ‘सल्ला देतो’. त्यावरून दंतकथा जुळली, की लिझ्देइका या पूर्वज पुजाऱ्याने गेदिमिनास राजाच्या स्वप्नाचा अर्थ लावून विल्नो म्हणजे विल्नियस (आज लिथुआनियाची राजधानी) वसवण्याचा सल्ला दिला. घराण्याचं ब्रीदही ‘देव आम्हांला सल्ला देतो’ असंच आहे. व्युत्पत्ती म्हणून मात्र हे टिकत नाही. नाव पोलिश नाही, जुनं लिथुआनियन आहे.

आता बार्बरा. ‘ऊव्ना’ हा लेकीचा प्रत्यय, ‘ओवा’ बायकोचा. आपल्याकडे पाटलाची बायको पाटलीण होते, पण लेकीसाठी असा प्रत्यय नाही, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. बार्बराचं पहिलं लग्न गाश्तोल्द घराण्यात झालं. वैधव्यानंतर १५४७मध्ये पोलंडचा राजा झिग्मुंट ऑगस्ट याने तिच्याशी गुपचूप लग्न केलं. सरदारांचा कडवा विरोध मोडून डिसेंबर १५५०मध्ये तिला राज्याभिषेक झाला आणि मे १५५१मध्ये ती गेली. दोन सासरं झाली, राणीपद मिळालं, तरी इतिहासाने तिला माहेरच्याच नावाने ओळखलं. त्यातल्या रेघवाल्या ‘ओ’चा उच्चार ‘ऊ’ होतो, म्हणून ‘राजिविलूव्ना’ लिहावं. लिथुआनियन लोक तिला ‘रादविलाइते’ म्हणतात. तोही लेकीचाच प्रत्यय.

तिचा भाऊ आणि चुलतभाऊ दोघेही मिकोलाय! म्हणून चुलतभाऊ ‘चार्नी’, म्हणजे काळा, आणि सख्खा भाऊ ‘रुडी’. ‘रुडी’चं भाषांतर ‘लाल’ करू नये. लालाला पोलिशमध्ये वेगळा शब्द आहे. ‘रुडी’ हा तांबूस केसांचा माणूस. मिकोलाय तांबडा, असंच म्हणावं.