समन्स देवघरात ठेवू नका

प्रश्न : इंदूरला रामबागेत सात वर्षं भाड्यानं राहतो. यजमानांचं काम सुटलं, चार महिन्यांचा किराया थकला. घरमालकीणबाई विधवा आहेत. त्यांनी नळ बंद केला, आता कुलूप ठोकीन म्हणतात. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. परीक्षेआधी गावी निघून जावं का?

उत्तर : ताई, जाऊ नका. एकदा आपणहून किल्ली दिलीत की माझ्या हातात फारसं काही उरत नाही.

मध्य प्रदेशात भाड्याच्या जागांसाठी 1961चा स्थान नियंत्रण कायदा लागू आहे. भाडं थकलं तर आधी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी चुकवली, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करून घेता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात सगळी थकबाकी कोर्टात भरा आणि पुढचं भाडं दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. ही सवलत मात्र एकदाच. ती घेतल्यावर पुन्हा सलग तीन महिने भाडं चुकवलंत तर ती परत मिळत नाही. बाई पैसे घेत नसतील तर मनीऑर्डर करा. परत आलेली पावतीसुद्धा पुरावाच.

मला खरी काळजी वेगळीच आहे. बाई विधवा आहेत. ‘मला स्वतःला राहायला जागा हवी’ असं म्हणून विधवा घरमालकीण कोर्टाऐवजी थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकते. तिथलं समन्स आलं तर आपली बाजू मांडायची परवानगी मागणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह करायला फक्त 15 दिवस असतात. ते दिवस गेले, की बाईंचं म्हणणं तुम्हाला कबूल, असंच धरतात. माझ्याकडे एक गृहस्थ सोळाव्या दिवशी आले होते. कागद देवघरात गणपतीमागे ठेवला होता, म्हणे! लिफाफा हाती आला की त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच दिवशी वकील गाठा.

नळ तोडणं बेकायदेशीर आहे. त्याच प्राधिकाऱ्याकडे तक्रार करा. कुलूप लावलंच, तर ताबा परत मिळवण्यासाठी सहा महिन्यांत दावा लावता येतो. महिला म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी 15100 वर फोन करा.

आणि घर बदलावं लागलंच तरी शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना वर्षाच्या मध्येही सरकारी शाळेत प्रवेश मिळतो. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा अडवू शकत नाही. पण सध्या दप्तरं आवरू नका, भाड्याच्या पावत्या शोधा.