स्पीडवेचे ‘अजिंक्यवीर’ आणि ‘अग्रणी’ : दोन शब्दांविषयी

डर्ट ट्रॅक स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीतील चॅम्पियन आणि पायोनियर यांच्यावरील एका इंग्रजी लेखाचे शीर्षक एका वाचकाने ‘धूळमार्गावरील वेगशर्यतींचे अजिंक्यवीर व अग्रणी यांचा सत्कार’ असे मराठीत आणले असून, त्यातील ‘अजिंक्यवीर’ आणि ‘अग्रणी’ हे शब्द योग्य आहेत का, असे विचारले आहे. माझ्या मते हे दोन्ही शब्द बदलावेत.

‘अजिंक्यवीर’ हा शब्द वृत्तपत्रांनी रुळवला आहे आणि ‘अजिंक्यपद’ तर आता काढून टाकणे शक्यही नाही. तथापि ‘अजिंक्य’ म्हणजे ज्याला जिंकता येत नाही तो, आणि हा अर्थ याच खेळात फार अडचणीचा ठरतो. 10 सप्टेंबर 1936 रोजी लंडनमधील वेम्बली येथे स्पीडवेच्या वैयक्तिक जागतिक स्पर्धेची पहिली अंतिम फेरी झाली. त्या रात्री ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन आपल्या पाचही शर्यतींत पहिला आला आणि त्याला एकाही स्वाराने हरवले नाही. परंतु आधीच्या फेऱ्यांतील वाढीव गुण बेरजेत धरण्याचा नियम असल्यामुळे त्याचे एकूण गुण 25 झाले, तर लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांचे प्रत्येकी 26 झाले, आणि त्या दोघांत झालेली निर्णायक शर्यत जिंकून व्हॅन प्राग जगज्जेता ठरला. म्हणजे त्या रात्री शब्दशः अजिंक्य राहिलेला स्वार तिसरा आला आणि विजेतेपद दुसऱ्याला मिळाले. विल्किन्सनला ते पुढे 1938 मध्ये मिळाले, हे वाचून मला आजही बरे वाटते. ‘चॅम्पियन’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘कॅम्पस’, म्हणजे मैदान, या शब्दात आहे. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन, मग त्या लढतीत तो कधी हरलेलाही असेल. म्हणून ‘विजेते’ म्हणावे, आणि प्रत्येकी सहा जागतिक विजेतेपदे मिळवणाऱ्या इव्हान मॉगर किंवा टोनी रिकार्डसन यांच्यासारख्यांपुरताच लेख असेल तर ‘जगज्जेते’ म्हणावे.

‘अग्रणी’ची अडचण निराळी आहे. आज ‘अग्रणी बँक’ म्हणताना आपण सर्वांत जुनी बँक म्हणत नाही, तर इतरांचे नेतृत्व करणारी बँक म्हणतो. त्या अर्थाने पोलंडचा बार्टोश झ्मार्झलिक हा या खेळातील आजचा अग्रणी स्वार होय, पण तो पायोनियर नव्हे. पायोनियर हा मुळात सैन्याच्या पुढे जाऊन वाट खोदणारा पायदळाचा शिपाई. आपल्या कचेऱ्यांतील ‘प्यून’ हा शब्दही त्याच कुळातला आहे.

मग ‘जनक’ का नको? न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या जॉनी हॉस्किन्स यांनी 15 डिसेंबर 1923 रोजी ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे विजेच्या दिव्यांखाली भरलेल्या मेळ्यात मोटारसायकल शर्यती घेतल्या, आणि त्यामुळे त्यांना या खेळाचे जनक म्हटले जाते. परंतु मातीच्या वर्तुळाकार मार्गावर मोटारसायकली त्यापूर्वीही ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत धावत होत्या. हॉस्किन्स यांनी खेळ जन्माला घातला की नाही, हा वाद होऊ शकतो. त्यांनी त्याला गती दिली, याविषयी वाद होऊ शकत नाही. ‘प्रवर्तन’ या शब्दात नेमके हेच आहे, आणि ‘धर्मचक्रप्रवर्तन’ हा शब्द परिचित असलेल्या मराठी वाचकाला त्यात फिरू लागलेले चाकही दिसते. म्हणून ‘आद्यप्रवर्तक’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. इंग्लंडमध्ये हा खेळ नवा असताना 19 फेब्रुवारी 1928 रोजी तेथील हाय बीच येथे धावलेले बिली गॅलोवे आणि कीथ मॅके हे ऑस्ट्रेलियन स्वारही त्यात सहज बसतात.

‘धूळमार्ग’विषयी थोडेसे. ‘डर्ट’चे मूळ प्राचीन नॉर्स भाषेतील विष्ठावाचक शब्दात असले, तरी येथे त्याचा अर्थ सुटी माती एवढाच आहे. इंग्लंडमध्ये तर या मार्गांवर जळलेल्या दगडी कोळशाची खरखरीत राख पसरलेली असे, आणि पोलिश भाषेत या खेळाचे नावच ‘झुझेल’, म्हणजे तशी जळकी राख, असे आहे. धूळ ही उडते. चाक घसरवायला खाली थर लागतो. ब्रेक नसलेली गाडी वळणावर आडवी घसरवत नेणे, हेच तर या स्वारांचे कसब आहे. तेव्हा ‘मातीचा धावमार्ग’ म्हणावे. ‘वेगशर्यत’ अनावश्यक आहे, कारण कोणतीही शर्यत वेगाचीच असते. ‘स्पीडवे’ हे क्रिकेटप्रमाणे खेळाचे नाव म्हणून तसेच ठेवावे. ‘सत्कार’ समोर उपस्थित असलेल्या व्यक्तीचा होतो, आणि यांतील बहुतेक जण आता हयात नाहीत. ‘गौरव’ हयात असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही चालतो.

एकूण शीर्षक ‘मातीच्या धावमार्गावरील स्पीडवे शर्यतींचे विजेते आणि आद्यप्रवर्तक यांचा गौरव’ असे होईल. त्यातील ‘आणि’ टिकवावा, दोन्ही शब्द एकात मिसळू नयेत, असा माझा आग्रह आहे. आयर्लंडच्या फे टेलर यांनी नामांकित पुरुष स्वारांना हरवले होते, पण 1930 मध्ये ब्रिटनमधील स्पीडवेतून स्त्रियांना वगळण्यात आले आणि जागतिक स्पर्धा त्यानंतर सहा वर्षांनी सुरू झाली. जगज्जेत्यांच्या यादीत त्यांचे नाव येऊच शकत नव्हते. ते ‘आणि’नंतरच्या शब्दात येते.